गाणारी मडकी आणि माझे कान

मी नक्की काय काम करते, हे ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या आपल्या लोकांना इतक्या वर्षांतही नीट कळलेलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख 'माइकवाल्या मीनाताई' अशी करून दिली जाते आणि पाठोपाठ कोणीतरी काका येऊन कानात सांगतात, "ताई, माझ्या गाण्याला जरा इको वाढवा हं." कराओकेवर गाणाऱ्याला इको म्हणजे भेळेवरची शेव वाटते. कितीही घातली तरी कमीच. मी मान डोलावते, एका बटनावर उगाच बोट ठेवते आणि काहीही करत नाही. काका गाऊन झाल्यावर येऊन म्हणतात, "आता कसं मस्त झालं!"

मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी 'कामातले गमतीदार अनुभव लिहा' असं सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी आश्चर्याचा धक्का म्हणून हेलिकॉप्टर मागवलं होतं, ते नेमकं 'आय डू'च्या क्षणी डोक्यावर आलं. वधूची आई आजही मला सुपरमार्केटमध्ये पाहिलं की दुसऱ्या रांगेत जाते, जसं काही ते हेलिकॉप्टर मीच चालवत होते. प्रसादाची वाटी धरावी तसा माइक पोटाशी धरून बोलणारे वक्ते तर किती झाले. पण हे लिहायला बसले तेव्हा डोक्यात एकच कार्यक्रम येत होता, आणि तो फारसा गमतीचा नाही.

आधी धंद्याची एक गोष्ट समजून घ्या. आम्हा साउंडवाल्यांचा शत्रू एकच, शिट्टी. तुम्ही सगळ्यांनी ती ऐकली आहे. पाहुणे बोलायला उभे राहतात आणि 'कूंऽऽ' करून सगळ्यांचे दात आंबतात. होतं असं, की माइक जे ऐकतो ते स्पीकर मोठं करतो, ते मोठं झालेलं माइक पुन्हा ऐकतो, स्पीकर ते आणखी मोठं करतो, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत हॉलभर किंकाळी. म्हणून कार्यक्रमाआधी रिकाम्या हॉलमध्ये आम्ही मुद्दाम आवाज चढवत नेतो. शिट्टी सुरू झाली की ती कुठल्या सुरात आहे ते ओळखायचं आणि तेवढाच सूर कापून टाकायचा. आजकाल स्क्रीनवर आलेख दिसतो, त्यावरूनही कळतं. मला स्क्रीन लागत नसे. शिट्टीचं तोंड उघडायच्या आत मी तिला नावाने हाक मारायचे. मी काम करते त्या थिएटरची टेक्निकल मॅनेजर कार्मेल नव्या लोकांना सांगायची, "डाउट आला तर मीनाला विचारा, तिचे कान म्हणजे मीटर आहेत." मला ते फार आवडायचं. घमेंडच होती म्हणा ना.

इश्चेल आमच्या थिएटरमध्ये आली ती ऐन पावसाळ्यात. मूळची ग्वाटेमालाची, माया लोकांपैकी, आता सिडनीत राहून युनिव्हर्सिटीत शिकवणारी. वयाने माझ्यापेक्षा थोडी लहान, बुटकी, पाठीवर जाड वेणी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने पुढे वाकावं. तिच्यासोबत लाकडी खोक्यांमध्ये तीन मडकी होती, एक मोठं, एक मधलं आणि एक अगदी लहान, आणि एक दगड. दगड पाहून मी हसलेच. आपला पाटा-वरवंटाच, फक्त पाट्याला खाली तीन पाय. तिच्या आईने जन्मभर त्यावर मका वाटला होता.

तिच्या कार्यक्रमाला गाणं म्हणावं की नाटक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ध्वनिकला म्हणतात त्याला. पण मागची कथा तिने मला दगड पुसता पुसता सांगितली, आणि ती मी लगेच समजले. देवांनी माणूस घडवायचे बरेच प्रयत्न केले. त्यातला एक लाकडाचा. ही लाकडाची माणसं चालायची, बोलायची, घरं बांधायची, त्यांना पोरंबाळंही झाली, पण त्यांच्या छातीत काही नव्हतं आणि आपल्याला कोणी घडवलं याची त्यांना आठवण नव्हती. मग काळा पाऊस पडला आणि त्यांच्या घरातल्या वस्तू त्यांच्यावर उठल्या. मडकी म्हणाली, तुम्ही आम्हाला रोज चुलीवर जाळलंत. पाटा म्हणाला, तुम्ही माझ्या तोंडावर रोज घासलंत, आता मी तुम्हाला दळतो. जे वाचले ते रानात पळाले आणि माकडं झाले.

"तुम्हाला ही जुनी गोष्ट वाटते," इश्चेल म्हणाली, "मला बातम्या वाटतात."

कार्यक्रमात ती आधी दगडावर मका वाटणार. दगडाला खालून बोटाच्या पेराएवढा माइक चिकटवलेला, त्यामुळे ती घरघर सगळ्या हॉलच्या फरशीतून यायची. मग तिने स्वतः रेकॉर्ड केलेलं तिच्या गावाजवळचं रान. पहाटेची माकडं, पक्षी, किडे. इतकं दाट की माझा श्वास अडखळला. आणि मग त्याच जागेचं, त्याच वेळेचं, काही वर्षांनंतरचं रेकॉर्डिंग. तोवर तिथलं रान तोडून तेलासाठी ताडासारखी झाडं लावली होती, ओळीने. त्यात काहीच नाही. एखादी माशी, लांबून मोटार. बस.

या शांततेत मडक्यांनी बोलायचं होतं. आणि इथेच माझी पंचाईत होती. प्रत्येक मडक्याच्या पोटात माइक, तोंडावर पातळ कातडं ताणलेलं आणि समोर छोटा स्पीकर. मी आवाज चढवत न्यायचा, मडकं स्वतःच्या सुरात गुणगुणायला लागेपर्यंत. म्हणजे शिट्टीच! जन्मभर जिला मारलं तिला आता मांडीवर घेऊन खेळवायचं, आणि ती किंकाळी व्हायच्या आत थांबवायचं. काठावर ठेवायचं. हे यंत्राला जमत नाही, त्याला हातच लागतो आणि कान लागतात.

"म्हणून मला यंत्र नको, माणूस हवा," इश्चेल म्हणाली, आणि कार्मेलने मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

आता जरा मागचं सांगते. त्या आधीच्या रविवारी माझी मुलगी गौरी मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर होती. ती तिथल्या पॉइंट कुक भागात राहते. मी तिला भरल्या वांग्याची कृती सांगत होते आणि ती मध्येच म्हणाली, "आई, व्हॉट्स दॅट बीपिंग?"

"कुठे काय?"

"सीरियसली? युअर स्मोक अलार्म. बॅटरी गेलीय त्याची. इट्स ड्रायव्हिंग मी मॅड."

मी वर पाहिलं. छतावरचा तो धुराचा इशारा देणारा पांढरा डबा शांत होता. मी म्हटलं, तुझ्या फोनमध्येच काहीतरी असेल. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून डब्याला कान लावून उभी राहिले. काही नाही. मग मीच स्वतःला सांगितलं, बघ, काही नाहीये. किती खोटं बोलतो आपण स्वतःशी! तेही स्टुलावर उभं राहून.

पहिल्या तालमीत मोठं मडकं छान गायलं. पोटातून हुंकार आल्यासारखं. मधलं मडकं बासरीच्या खालच्या सुरासारखं. मग मी लहान मडक्याचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची ती सरकती दांडी, हळूहळू वर नेली. काही नाही. आणखी वर. काही नाही. मला वाटलं केबल सैल आहे.

तेवढ्यात इश्चेलने हात वर केला. "बस. गातंय."

कार्मेल मागून म्हणाली, "वॉव. सुईसारखा आहे हा सूर."

मी फेडर खाली घेतला. तळहाताला घाम सुटला होता. हॉलमध्ये एसी चालू होता तरी. सुईसारखा सूर, आणि मला त्याचा पत्ता नाही! पुढच्या वेळी मी डोकं एकदा डावीकडे वळवून पाहिलं, एकदा उजवीकडे. काहीच नाही, म्हणजे काहीच नाही. आलेखाची स्क्रीन लावून पाहिली तर तिथे मडक्याच्या सुराची रेघ उभी राहायच्या आधीच दगडाच्या घरघरीने सगळा आलेख नाचत होता. त्यातून काठ ओळखणं शक्य नव्हतं.

घरी आले तेव्हा जेवण गेलं नाही. सुधीर, माझा नवरा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. त्याला रोगाची नावं घ्यायला मजा येते, म्हणून त्याला मी काही सांगितलं नाही. मी विचार करत राहिले की आजवर मी किती कार्यक्रमांत असं काही ऐकलं नसेल. कोणी काही बोललं का नाही? की बोलले आणि मी हसून घालवलं? गायकाचा कान गेला तर लोक हळहळतात. साउंडवालीचा गेला तर दुसरी बोलावतात. मला फार भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

तरी पूर्ण गप्प बसले नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी इश्चेलला बाजूला घेतलं. "हे बघ, अगदी वरचा सूर मला थोडा कमी ऐकू येतो," मी म्हटलं. 'थोडा' हा शब्द मी कसा काढला मलाच माहीत. "लहान मडकं काठावर आलं की तू वाटणारा एक हात दगडावरून उचल. मी तुझ्या हाताकडे बघत राहीन."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक. हात उचलेन." आणि चिमूटभर मक्याचं पीठ घेऊन तिन्ही मडक्यांच्या कातड्यावर टाकलं. तालमीतही ती हे करायची. मला वाटलं होतं, आपण अक्षता टाकतो तसं काहीतरी असेल.

कार्यक्रम दुपारी उशिरा होता. बाहेर आभाळ भरून आलेलं, हवा अशी की पिळली तर पाणी गळेल. शांततेत एसीची घरघर नको म्हणून तो बंद करायचा असं आधीच ठरलं होतं. लोक भरपूर आले. पहिल्याच रांगेत एक बाई तान्ह्या बाळाला झोळीत घेऊन बसली होती. मी मनात म्हटलं, बाळ रडलं तर शांततेची वाट लागणार. मला तेव्हा बाळाच्या आवाजाची काळजी होती.

दगड घरघरला. रान जागं झालं. माकडं ओरडली तेव्हा लोक खुर्चीत सरकून बसले. एसी बंद झाला आणि उकाडा वरून गोधडीसारखा पडला. मग ती मोकळी शांतता. मोठं मडकं हुंकारलं, मधलं त्यात मिसळलं, इश्चेल डोळे मिटून अगदी हलके वाटत होती. मी लहान मडक्याचा फेडर सरकवायला लागले. डोळे तिच्या हातांवर. दोन्ही हात दगडावर, पुढे, मागे. आणखी थोडा वर. पुढे, मागे. तालमीतल्या खुणेपाशी फेडर आला. हात दगडावरच. मी म्हटलं, हवा दमट आहे, लोकांनी हॉल भरलाय, आज काठ थोडा पुढे असेल. हे धंद्याच्या हिशेबाने चूक नव्हतं. मी आणखी सरकवला.

मग पहिल्या रांगेतल्या त्या बाईने बाळाचं डोकं छातीशी दाबलं. शेजारच्या माणसाने कानात बोटं घातली. मागच्या रांगेत एक, दोन, पाच हात कानांकडे गेले. माझ्या कानात मात्र तीच सुंदर शांतता आणि दोन मडक्यांचा हुंकार. इश्चेलचे हात दगडावर. ती म्हणते मडकं गप्प आहे, माझे कान म्हणतात गप्प आहे, आणि समोर लोक तोंड वेडंवाकडं करतायत. कोणावर विश्वास ठेवू? छाती अशी धडधडत होती की मला तीच मोठ्याने ऐकू येत होती. बाळाचं तोंड उघडलेलं दिसलं. त्याचं रडणं मला ऐकू आलं, आणि मी फेडर खाली ओढला. सगळ्यांचे हात एकदम खाली आले. ती बाई बाळाला घेऊन दाराबाहेर गेली.

किती वेळ वाजत होतं ते मला माहीत नाही. मी ते ऐकलंच नाही.

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोक इश्चेलला येऊन सांगत होते की ती किंकाळी अंगावर आली, वस्तू खरंच आपल्यावर उठल्यासारखं वाटलं, आपण पृथ्वीचं काय केलंय ते आज कानांना कळलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, "ग्रेट जॉब, मेट." मी थँक्यू म्हटलं.

सामान आवरताना मी इश्चेलला विचारलं, "हात का नाही उचललास?"

"पीठ हललं नाही," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने लहान मडकं माझ्यासमोर धरलं. कातड्यावरचं पीठ दमट हवेत चिकटून खपली झालं होतं. तालमीत एसीच्या कोरड्या हवेत तेच पीठ सूर लागताच थरथरायचं, आणि तेवढ्यासाठीच ती ते टाकायची. आज मध्येमध्ये डोळे किलकिले करून ती पिठाकडेच बघत होती.

"पण आवाज? आवाज तर येतो ना तुला?"

ती मडकं पुसत राहिली. "नाही येत. रानात वर्षानुवर्षं हेडफोन पूर्ण चढवून बसले, बारीक किडा सुटू नये म्हणून. मग एक दिवस किडेच यायचे बंद झाले. मला वाटलं रान संपलं. काही रान संपलं होतं, काही माझे कान." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दुपारी सांगायला हवं होतं. पण तू 'थोडा' म्हणालीस. मला वाटलं, मीटरसारखे कान आहेत हिचे, थोडं गेलं तरी उरलं असेल."

मला हसू आलं. तिलाही आलं. आम्ही दोघी त्या रिकाम्या स्टेजवर वेड्यासारख्या हसलो आणि मग एकदम गप्प झालो, कारण दोघींनाही ते बाळ आठवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्यक्रम होता. इश्चेल म्हणाली, उद्या कोरडं पीठ डबीत ठेवू, आयत्या वेळी टाकू, कोणाला सांगायचं कारण नाही. मला तो मोह झाला, अगदी खरं सांगते. एवढी वर्षं त्या खुर्चीत बसले होते, आणि ती खुर्ची एका डबीभर पिठाने वाचत होती. पण फेडर माझ्या हातात असणार होता आणि समोर पुन्हा कोणाचं तरी बाळ असणार होतं. मी कार्मेलच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. 'थोडा' हा शब्द न वापरता.

मला वाटलं होतं ती म्हणेल, अगं काहीतरीच काय, तू आणि कान? तसं काही झालं नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "थँक्स फॉर टेलिंग मी, मीना. उद्या साउंड डेस्कवर मी बसेन. तू टेस्ट करून घे, मग बोलू." बोलणं बरोबरच होतं, पण मला ते फार लागलं. त्यावरून कळलं की तिला आधीपासून अंदाज होता.

घरी सुधीरला सांगितलं. तो चहा गाळत होता. "स्मोक अलार्मची बॅटरी मी गुरुवारी बदलली," तो म्हणाला. "तो वाजत असताना तू त्याच्या खालूनच येत-जात होतीस. सांगितलं असतं तर चिडली असतीस." मी चिडलेच, आणि मग रडले. त्याने कुठल्याही रोगाचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कार्मेलला मडक्यांच्या खुणा दाखवल्या, मोठं कुठे हुंकारतं, मधल्याला किती वेळ द्यायचा. लहान मडक्याची किंकाळी लोकांना इतकी भिडली म्हणून इश्चेलने ती ठेवायची ठरवली होती, फक्त क्षणभर आणि कार्मेलच्या कानांच्या भरवशावर, आणि लोकांना तशी सूचना आधी देऊन. मग मी तिकीट नसलेल्या माणसासारखी अवघडत हॉलमध्ये गेले आणि सातव्या रांगेत बसले. या हॉलमध्ये मी कधी प्रेक्षकांत बसले नव्हते. काय करायचं हातांचं, तेच कळेना. मागे कार्मेलच्या हातात फेडर आहे हे माहीत असूनही माझी बोटं मांडीवर सरकत होती.

दगड, रान, माकडं, उकाडा. मग ती झाडांच्या ओळींची शांतता. मोठं मडकं. मधलं मडकं. मी वाट बघत राहिले. माझ्यासाठी शांतता तशीच चालू होती.

शेजारच्या बाईने कान झाकले. पुढच्या रांगेने झाकले. सगळ्या हॉलने झाकले. मग मीही झाकले.